लाखो पिल्लं सोडूनही नदी रिकामी का? सॅमनच्या हॅचरीचं गणित

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं सॅमनची व्यावसायिक मासेमारी बंद राहिली. समुद्रात मासाच इतका कमी उरला होता की बोटी बंदरातच बांधून ठेवायची वेळ आली. बातमी वाचणाऱ्याला साहजिक प्रश्न पडतो. या राज्यात मोठमोठ्या हॅचऱ्या आहेत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवणारी केंद्रं. दरवर्षी त्या कोट्यवधी पिल्लं सोडतात. मग मासे गेले कुठे? आणि कमीच पडत असतील तर आणखी चार हॅचऱ्या काढायला काय हरकत आहे?

हरकत आहे. पण ती नीट समजून घ्यायला हवी, कारण सॅमनचं एक अख्खं घराणं हॅचरीनेच मरणाच्या दारातून परत आणल्याचं उदाहरणही याच देशात आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

माहेरी येणारा मासा

सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो, पुष्कळदा अगदी त्याच ओढ्यात. लहानपणी ओळखीचा झालेला त्या पाण्याचा वास त्याला परतीची वाट दाखवतो. बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली रीत आठवा. फरक इतकाच की पॅसिफिक महासागरातला सॅमन या बाळंतपणातून उठत नाही. अंडी घातली की थोड्याच दिवसांत नर-मादी दोघंही मरतात आणि त्यांची कुजलेली शरीरं ओढ्याला खत होतात.

या सवयीमुळे प्रत्येक नदीचा सॅमन पिढ्यान्‌पिढ्या वेगळा घडत गेला. कुणी हिवाळ्यात नदीत शिरतो, कुणी वसंतात. कुणाला पन्नास किलोमीटर जायचं असतं, कुणाला हजाराच्या वर, आणि नदीत शिरल्यावर तो खाणं जवळजवळ सोडतो, म्हणून लांबच्या प्रवासाला चरबी जास्त लागते. जात एकच, चिनूक किंवा सॉकाय, पण तिची घराणी अनेक. पुढे 'घराणं' म्हटलं की एका नदीचा, एका हंगामाचा सॅमन असं समजा. लुप्त होतात ती घराणी, आणि वाचवायचीही तीच असतात. बाजारात सॅमन मिळतोय की नाही, हा वेगळा विषय.

मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी नदीतळाच्या खडीत खळगा करते, अंडी घालते, नर त्यावर वीर्य सोडतो आणि मादी वरून खडी लोटते. पुढे कित्येक आठवडे खडीतून गार पाणी झिरपत राहिलं तरच अंडी जगतात. गाळ बसला तर गुदमरतात, पूर आला तर वाहून जातात, पाणी १३-१४ अंशांच्या वर गेलं की मरायला लागतात. २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातल्या शास्ता धरणातला गार पाण्याचा साठा आटला, तेव्हा खालच्या सॅक्रामेंटो नदीत हिवाळी चिनूकची जवळपास सगळी अंडी आणि पिल्लं गेली.

खडीतली ही मरतूक टाळायची, एवढ्या एका कल्पनेवर हॅचरी उभी आहे.

बादलीपासून हौदापर्यंत

नदीवर बांध किंवा शिडीसारखा सापळा असतो. वर चढणारे मासे त्यात अडकतात आणि अंडी पिकेपर्यंत त्यांना गार पाण्यात ठेवतात. पिकलेली मादी हातात घेतली की पोट मऊ लागतं आणि आत अंडी सुटी झालेली बोटांना कळतात. ती तशीही मरणारच असते, म्हणून तिला मारून, रक्त वाहू देऊन, पोट चिरून अंडी कोरड्या बादलीत घेतात. चिनूकची मादी साधारण पाच हजार अंडी देते. रंग नारिंगी, आकार वाटाण्याएवढा.

बादली कोरडी का? सॅमनच्या वीर्यातले शुक्राणू पाण्याचा स्पर्श होताच जागे होतात आणि मिनिटभरात दमतात. अंड्याला आत शिरायचं एकच सूक्ष्म छिद्र असतं, तेही पाणी लागून अंडं फुगायला लागलं की मिटतं. म्हणून आधी अंड्यांवर वीर्य, मग हलक्या हाताने ढवळणं, आणि शेवटी पाणी. पाऊस पडत असेल तर आडोसा आधी बादलीला करायचा.

घाईतली नेहमीची चूक म्हणजे चार-पाच नरांचं वीर्य एकत्र करून ओतणं. वाटतं की सगळ्यांचा वाटा पडेल. प्रत्यक्षात एखाद्या जोमदार नराचं बीज बाकीच्यांना मागे टाकतं आणि बहुतेक पिल्लांचा बाप तोच निघतो. संवर्धनाच्या केंद्रात म्हणून एका मादीची अंडी दोन-तीन भांड्यांत वाटतात आणि प्रत्येक भांड्याला वेगळा नर देतात. काम वाढतं, भांडी वाढतात, चिठ्ठ्या वाढतात, पण प्रत्येक आईबापाचा वंश पुढे जातो.

फळलेली अंडी आयोडीनच्या द्रावणात (दहा लाख भागांत शंभर भाग) दहा मिनिटं ठेवून जंतुमुक्त करतात. मग ती एकावर एक रचलेल्या ट्रेंमध्ये जातात. वरच्या ट्रेतून खालच्यात पाणी झिरपत राहतं आणि अंधार ठेवला जातो. इथे दिवस मोजत नाहीत, डिग्री-दिवस मोजतात, म्हणजे रोजच्या पाण्याच्या तापमानाची बेरीज. चिनूकचं अंडं सुमारे पाचशे डिग्री-दिवसांत फुटतं. पाणी दहा अंश असेल तर पन्नास दिवस, पाच अंश असेल तर शंभरच्या आसपास. निम्म्या वाटेवर अंड्यात दोन काळे डोळे दिसू लागतात. फळल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस सोडले, तर डोळे दिसेपर्यंत अंड्यांना हात लावायचा नाही. ट्रे नुसता आपटला तरी आतला जीव जातो.

डोळे दिसल्यावर मात्र उलटं करतात. अंडी मुद्दाम थोड्या उंचीवरून पाण्याच्या बादलीत ओततात. न फळलेली अंडी त्या धक्क्याने पांढरी पडतात आणि ओळखू येतात. ती लगेच वेचायची. मेलेल्या अंड्यावर कापसासारखी बुरशी चढते आणि शेजारच्या जिवंत अंड्यांना गुंडाळते, डाळिंबातल्या एका कुजक्या दाण्याने आजूबाजूचे दाणे नासावेत तशी.

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पोटाला पिवळ्या पिशवीची शिदोरी बांधूनच येतं. ती संपत आली की काँक्रीटच्या लांब, वाहत्या पाण्याच्या हौदांत त्याला खाद्य सुरू होतं. यथावकाश ते चंदेरी होतं आणि खाऱ्या पाण्यासाठी त्याचं अंग आतून बदलू लागतं. अशा पिल्लाला स्मोल्ट म्हणतात, आणि सोडायची खरी वेळ तीच. आधी सोडलं तर पिल्लू नदीत रेंगाळतं आणि खाल्लं जातं, फार उशिरा सोडलं तर समुद्राकडे जाण्याची ओढच ओसरते.

सोडण्यापूर्वी खूण करतात. शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक छोटा मांसल पर असतो, तो कापला की मोठेपणी लांबूनही कळतं, हा हॅचरीचा. काहींच्या नाकाडात जेमतेम एक मिलिमीटर लांबीची, सांकेतिक क्रमांकाची तार टोचतात. सगळ्यात सुरेख युक्ती पाण्याची आहे. अंडी-पिल्लं असताना पाणी ठरवून गार-कोमट करत गेलं की कानातल्या इवल्याशा खड्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं उमटतात. कित्येक वर्षांनी तो खडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की बारकोडसारखं वाचता येतं, कोणती हॅचरी, कोणतं साल.

दगाफटका कुठेही होतो. किडनीच्या जिवाणूजन्य रोगाची लागण आईकडून अंड्यात उतरते, म्हणून प्रत्येक मादीच्या किडनीचा नमुना तपासतात आणि जिथे लागण जास्त निघते तिची पाचच्या पाच हजार अंडी फेकून देतात. २०२० च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या हॅचऱ्यांत पिल्लं गरगर फिरत, मळसूत्रासारखी पोहत मरू लागली. शोध घेतल्यावर सापडला ब-१ जीवनसत्त्वाचा, थायामिनचा अभाव. समुद्रात सॅमनच्या आया जवळपास अँकोव्हीवरच जगत होत्या, आणि त्या माशात थायामिन मोडणारं एक द्रव्य असतं. उपाय साधा निघाला. अंड्यांना थायामिनच्या पाण्यात ठेवायचं किंवा मादीलाच इंजेक्शन द्यायचं. नदीत स्वतःहून अंडी घालणाऱ्या माद्यांना ते कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला.

कागदावर नफा दिसतो तो असा

समजा, एका मादीची पाच हजार अंडी. नदीत त्यांतली दहा टक्के स्मोल्टपर्यंत पोचली तर पाचशे. समुद्रातून शंभरात एक परतला तर पाच मासे. हॅचरीत पंच्याऐंशी टक्के जगतात, म्हणजे चार हजार दोनशे पन्नास. हॅचरीचं पिल्लू समुद्रात कच्चं पडतं, म्हणून त्यातले दोनशेत एक परतले असं धरू. तरी एकवीस. एका मादीमागे पाचाऐवजी एकवीस. आकडे वानगीदाखल आहेत, नदीगणिक आणि सालागणिक बदलतात, पण प्रमाण साधारण असंच असतं.

यात दोन गोष्टी लपल्या आहेत. हॅचरी फक्त सुरुवातीची मरतूक वाचवते. धरणातल्या टर्बाइनची चक्की, तापलेली नदी, उपाशी समुद्र, जाळी, यांतलं काहीही ती बदलत नाही. समुद्रातून शंभरात एक ऐवजी हजारात एक परतू लागला तर हॅचरीच्याही एकविसाचे दोनच उरतात, म्हणजे आईबापांची जेमतेम भरपाई, आणि कॅलिफोर्नियात दुष्काळाच्या वर्षांत सोडलेल्या पिल्लांचं घडलं ते याच जातीचं.

दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची. गावात शंभर घरं आहेत आणि त्यांतल्या दहाच घरांची मुलं जगवण्याची सोय झाली, तर दोन पिढ्यांत गाव भरलेलं दिसेल, पण सगळे एकमेकांचे चुलत-आते-मामे भाऊ. डोकी वाढतात आणि आतलं वैविध्य आटतं. अशा गावात एखादी साथ आली की सगळ्यांनाच लागते. म्हणून सॅक्रामेंटोच्या हिवाळी चिनूकसाठी शास्ता धरणाच्या पायथ्याशी जी हॅचरी आहे, तिथे नदीच्या माशांपैकी अंदाजे पंधरा टक्केच, तेही एका ठरावीक कमाल संख्येपर्यंतच घ्यायचे, असा एरवीचा दंडक आहे. बाकीच्यांनी नदीतच अंडी घालायची. या हॅचरीला लिव्हिंग्स्टन स्टोन यांचं नाव आहे. याच खोऱ्यातल्या मॅक्लाउड नदीवर १८७२ मध्ये त्यांनी सॅमनची अंडी गोळा करून उबवायचं सरकारी केंद्र काढलं. ती जागा आज शास्ताच्या जलाशयाच्या पोटात आहे.

एकाच पाटीखाली दोन धंदे

आपल्याकडे मत्स्यबीज केंद्र म्हटलं की रोहू-कटल्याचं जिरं (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं), मग बीज, मग बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), ती तळ्यात सोडायची आणि वर्षभरात बाजारात. त्यात गैर काही नाही, ती शेती आहे. अमेरिकेतल्या बहुसंख्य सॅमन हॅचऱ्याही मुळात याच कामाच्या. कोलंबिया नदीवर १९३८ मध्ये बॉनविल आणि १९४१ मध्ये ग्रँड कूली अशी धरणं उभी राहिली. ग्रँड कूलीला तर माशांसाठी वाटच ठेवली नाही, वरची सगळी नदी सॅमनला कायमची बंद झाली. त्याची भरपाई म्हणून खाली हॅचऱ्या बांधल्या. नदी घेतली, बदल्यात मासे देतो, असा तो सौदा होता.

संवर्धनाची हॅचरी वेगळी. तिचं यश किती पिल्लं सोडली यावर मोजायचंच नसतं. सोडलेल्या माशांची नातवंडं नदीत जन्मून, स्वतःच्या बळावर समुद्रात जाऊन परत आली का, हे पाहायचं. वार्षिक अहवालात मात्र 'इतकी लाख पिल्लं सोडली' हाच आकडा ठळक असतो. माझ्या मते हॅचऱ्यांबद्दलचे निम्मे गैरसमज या एका आकड्यातून जन्मतात.

सोळा माशांची पुंजी

आता ते मरणाच्या दारातून आलेलं घराणं. आयडाहो राज्यातल्या सॉटूथ डोंगरांत रेडफिश नावाचं सरोवर आहे, लाल झालेल्या सॉकाय सॅमनवरूनच हे नाव पडलं. समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई-दिल्ली, आणि उंची दोन हजार मीटरच्या आसपास, आपल्या कळसूबाईच्याही वर. वाटेत आठ धरणं. १९९१ मध्ये या घराण्याला कायद्याने 'लुप्तप्राय' ठरवलं. १९९२ मध्ये सरोवरात परतला एकच मासा, तोही नर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं लोनसम लॅरी, एकटा लॅरी. १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत मिळून सोळा मासे आले.

ते सगळेच्या सगळे धरले. नरांचं वीर्य गोठवून ठेवलं, लॅरीचंही. पिल्लं समुद्रात पाठवायचा जुगार न खेळता काहींना जन्मभर टाकीतच वाढवून त्यांच्यापासून पुढची पिढी घेतली. आणि हा वंश एका जागी ठेवला नाही. काही आयडाहोच्या ईगल केंद्रात, काही वॉशिंग्टन राज्यात समुद्राकाठी. घरचं विरजण बिघडलं तर शेजारणीकडून आणता यावं म्हणून वाटीभर तिच्याकडे ठेवतो, तसंच. पंप बंद पडला, रोग आला, वीज गेली, तरी एका रात्रीत सगळं संपणार नाही.

जोड्याही पत्रिका जुळवल्यासारख्या, पण उलट्या हिशेबाने. जनुकं तपासून नात्यातलं कमीत कमी कोण, ते एकमेकांना द्यायचं. २०१४ मध्ये दीड हजारांवर सॉकाय परत आले. सोळापासून दीड हजार. इथे हॅचरी नसती तर आज हे घराणं नसतं, याबद्दल तज्ज्ञांत फारसा वाद नाही.

पण पुढचं ऐका. २०१५ च्या उन्हाळ्यात कोलंबिया आणि स्नेक नद्यांचं पाणी वीस-एकवीस अंशांच्या वर गेलं आणि वर चढणारे सॉकाय लाखांनी वाटेतच मेले. रेडफिशकडे निघालेल्यांपैकी पोचले मूठभर. त्याच सुमाराला दुसरी अडचण सुरू होती. वर्षाला दहा लाखांपर्यंत स्मोल्ट तयार करायला स्प्रिंगफील्ड इथे २०१३ मध्ये नवं केंद्र काढलं होतं. पिल्लं धष्टपुष्ट, टाकीत मरतूक नगण्य, आणि ओढ्यात सोडली की मरत होती. कारण पाण्यात होतं. स्प्रिंगफील्डचं पाणी आपल्या बोअरच्या पाण्यासारखं क्षारांनी जड, तर रेडफिशच्या ओढ्याचं डोंगरी बर्फाचं, जवळजवळ क्षार नसलेलं. स्मोल्टचं अंग आधीच खाऱ्या पाण्यासाठी बदलत असतं, त्यात हा धक्का. शेवटी पिल्लांना काही काळ मध्यम पाण्यात मुरवून मग सोडायला लागले तेव्हा फरक पडला. रोपवाटिकेतलं रोप शेडनेटमधून थेट उन्हात लावलं तर कोमेजतं, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इथे ते कळायला काही वर्षांची पिल्लं गेली.

टाकी माशाला काय शिकवते

हॅचरीच्या हौदाशी जाऊन उभं राहिलं की पिल्लं पृष्ठभागावर गर्दी करतात. माणसाची सावली म्हणजे खाद्य. नदीत सावली म्हणजे बगळा.

ही शिकलेली सवय झाली, ती एका पिढीपुरती. रक्तात उतरतं ते वेगळं. टाकीत ना शिकारी, ना पूर, ना खडीतली जागा मिळवायची झुंज. नदीत जे पहिल्या आठवड्यात मेलं असतं तेही जगतं, आणि गर्दीत धिटाईने खाणारं जास्त वाढतं. निवड होतेच, फक्त ती नदीच्या ऐवजी हौद करतो. ओरेगनमधल्या हूड नदीच्या स्टीलहेडवर (सॅमनचाच भाऊबंद) झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पिल्लं आणि आईबाप यांची जनुकीय जुळवाजुळव करून पाहिलं, तर टाकीत काढलेल्या प्रत्येक पिढीगणिक नदीत संतती जगवण्याची ताकद सुमारे चाळीस टक्क्यांनी घटत होती. शंभराची साठ, साठाची छत्तीस.

माणसाची सोय बघण्यातूनही निवड होते. हंगामाच्या सुरुवातीला आलेल्या माशांची अंडी घेऊन ट्रे भरले की कर्मचारी सापळा बंद करतात. काही वर्षांत सगळं घराणंच लवकर येऊ लागतं. मग ज्या साली पाऊस उशिरा पडतो त्या साली ओढ्यात पाणी नसतं आणि मासे मात्र हजर. म्हणून अंडी पूर्ण हंगामभर, थोडी थोडी घ्यायची असतात. भरपूर खाऊ घालून पिल्लं झटपट मोठी केली तर काही नर समुद्रात न जाताच वयात येतात आणि नदीतच राहतात. त्यांना सावकाश वाढवावं लागतं, थंडीत खाद्य आखडतं घ्यावं लागतं. आणि नदीतला धोका टाळायला पिल्लं टँकरने खाडीत नेऊन सोडली तर जगतात जास्त, पण वाटेचा वास नाकात न बसल्याने मोठेपणी भलत्याच नदीत शिरतात आणि तिथल्या घराण्यात मिसळतात.

'दर वेळी नदीचेच आईबाप घेतले तर?'

बरोबर मुद्दा, आणि चांगल्या केंद्रांचा सगळा भर त्यावरच आहे. आयडाहोमधल्या जॉन्सन क्रीकवर नेझ पर्स जमातीने चिनूकसाठी असंच केलं. हॅचरीत फक्त नदीत जन्मलेले आईबाप घ्यायचे, हॅचरीच्या माशाला दुसऱ्यांदा टाकीत आणायचं नाही. तिथल्या जनुकीय अभ्यासात पहिल्या पिढीत तरी घट आढळली नाही. म्हणजे नुकसान अटळ नाही, ते पद्धतीवर अवलंबून आहे.

यासाठी एक सोपा हिशेब वापरतात. हॅचरीतल्या आईबापांत नदीचे किती टक्के, हा पहिला आकडा. नदीत अंडी घालणाऱ्यांत हॅचरीचे किती टक्के, हा दुसरा. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. पहिला साठ, दुसरा तीस, तर साठ भागिले नव्वद, म्हणजे ०.६७. महत्त्वाच्या घराण्यांसाठी उत्तर निदान इतकं असावं असं धरतात. त्यावर असेल तर घराणं घडवण्याचं काम मुख्यतः नदी करते आहे, अर्ध्याखाली गेलं तर हौद. अडचण अशी की नदीत मासे अगदीच थोडे उरलेले असताना साठ टक्के नदीचे आईबाप आणायचे कुठून? जिथे हॅचरीची गरज सर्वाधिक, तिथेच हा नियम पाळणं सर्वांत अवघड.

यावर मला पटलेलं उत्तर वॉशिंग्टन राज्यातल्या हूड कालव्याच्या काठचं आहे. तो खरं तर कालवा नाही, समुद्राचा चिंचोळा फाटा आहे. तिथल्या उन्हाळी चम सॅमनसाठी १९९२ मध्ये हॅचरीचं काम सुरू झालं, तेव्हाच मुदत बांधून घेतली, फार तर तीन पिढ्या, म्हणजे बारा वर्षं. चमचं पिल्लू टाकीत थोडेच दिवस राहतं, हेही पथ्यावर पडलं. सोबत मासेमारीला आवर घातला, खाड्या-ओढे दुरुस्त केले. मासे वाढले, आणि मुदत भरल्यावर बहुतेक ठिकाणी हॅचरी थांबवली. सुरू करण्याइतकंच थांबवण्याचं नियोजन करणारे कार्यक्रम फार थोडे.

'मासा तो मासा, घराण्याचं एवढं काय?'

याचं उत्तर शोधायला अमेरिकेत जायला नको. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महासीरची पैदास सुरू केली. तिथला निळ्या परांचा महासीर मुळा-मुठेसारख्या दख्खनी नद्यांचा मासा. लाखो बोटुकली तयार झाली, देशभर गेली, आणि एके काळी धोक्यात मानलेली ही जात जागतिक यादीत आता काळजीच्या वर्गातून बाहेर आली आहे.

हीच बोटुकली कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महासीर होता, कुबड असलेला, नारिंगी शेपटीचा, आकाराने प्रचंड. नवा पाहुणा तिथे झपाट्याने वाढला आणि घरचा आटत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी ही कारणंही होतीच, पण अभ्यासकांनी परक्या महासीरकडे स्पष्ट बोट दाखवलं. कुबडवाला महासीर २०१८ मध्ये 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. नदीकाठच्या माणसाला मात्र महासीर वाढल्याचंच दिसत होतं. एकच केंद्र, एकच मासा. एका खोऱ्यात तो आधार होता, दुसऱ्या खोऱ्यात अतिक्रमण.

'मग हॅचऱ्या बंदच करा'

असंही म्हणता येत नाही. नेझ पर्स, याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज या मूळ रहिवासी जमातींनी १८५५ च्या करारांत जमीन दिली आणि पूर्वापार जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. धरणांनी मासे नेले. आज त्यांच्या जाळ्यात येणारा सॅमन बराचसा हॅचरीचा असतो. जनुकांची शुद्धता राखायला तो बंद करा, असं त्यांना सांगणं म्हणजे ज्याचं घर गेलं त्यालाच भाडं मागणं. म्हणून अशा नद्यांवर मध्यम मार्ग काढतात. काही उपनद्या हॅचरीविना राखून ठेवायच्या, काही मासेमारीसाठी द्यायच्या, आणि कापलेल्या परावरून वेगळे ओळखू येणारे हॅचरीचे मासेच धरायचे, पर शाबूत असलेले सोडून द्यायचे.

पैशांचा प्रश्नही आहेच. कोलंबिया खोऱ्यात चार दशकांत नऊ अब्ज डॉलरच्या वर खर्च होऊनही नदीत जन्मणारे मासे वाढल्याचा पुरावा नाही, असं २०२३ च्या एका अभ्यासात निघालं. हॅचरीचे मासे वाढले, नदीचे नाहीत. शिवाय समुद्राचं ताटही अमर्याद नाही. उत्तर पॅसिफिकच्या काठचे सगळे देश मिळून वर्षाला सुमारे पाच अब्ज पिल्लं सोडतात, आणि ती सगळी त्याच पाण्यात चरायला जातात.

क्लॅमथवर काय चाललंय

कॅलिफोर्निया-ओरेगन सीमेवरच्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२३-२४ मध्ये पाडली. जुनी हॅचरी धरणाच्या पाण्यावर चालायची, म्हणून फॉल क्रीकला नवी बांधली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथून सुमारे ८ लाख ३० हजार चिनूक पिल्लं सोडली. वाटेत आयर्न गेट धरणाचा बोगदा तेव्हा उभाच होता. त्यातून जाताना दाबातल्या बदलाने पिल्लांच्या रक्तात, सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे धरले आणि ती मोठ्या संख्येने मेली. पिल्लं निरोगी होती, हॅचरी नवीकोरी होती. पुढची पिल्लं मग धरणाच्या खाली नेऊन सोडली.

धरणं पाडण्याचं काम शरदात संपलं. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी, पाडलेल्या धरणांच्या वर, ओरेगनमधल्या एका उपनदीत चिनूक सॅमन दिसला. समुद्रातून आलेला सॅमन क्लॅमथच्या त्या भागात १९१२ नंतर पहिल्यांदाच पोचला होता. त्याला कुणी ट्रकने नेलं नव्हतं. फॉल क्रीकची हॅचरी धरणं गेल्यानंतर आठ वर्षं चालवायची, असं ठरलेलं आहे.